वडाळ्याची भट्टी आणि दादीची नानखटाई

सत्ताविसाव्या रोज्याला आमच्या घरचे सहा-सात जण मुंब्र्याहून वडाळ्याला जातात. हातात ॲल्युमिनियमचे दोन मोठे डबे, जुन्या चादरीत बांधलेले पत्रे, आणि पिशवीत इफ्तारीपुरते खजूर व पाणी. मुंब्रा स्टेशनवर ओळखीचं कुणी भेटलं की विचारतंच, "एवढं सामान घेऊन कुठं?" आम्ही सांगतो, नानखटाई भाजायला. समोरचा हसतो. मुंब्र्यात-कौशात बेकऱ्यांना तोटा नाही. मग दोन गाड्या बदलून वडाळा कशाला?

प्रश्न रास्त आहे. आमच्या घरातही दरवर्षी तो निघतो, आणि दरवर्षी आमच्यात दोन तट पडतात.

आमची दादी दापोली तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईला आली ती आगबोटीने, भाऊच्या धक्क्यावर. दादा पोर्ट ट्रस्टमध्ये होते आणि वडाळ्याला पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीत त्यांना खोली मिळाली होती. पुढची सगळी वर्षं दोघांनी तिथेच काढली. अब्बा, चाचा आणि फुफी तिथेच जन्मले, तिथेच वाढले. नोकरी संपली तशी खोलीही सोडावी लागली. मग बिऱ्हाड मुंब्र्याला आलं. दादीने वडाळ्याचं बरंच काही मागे सोडलं, पण भट्टी काही सोडली नाही.

ज्यांनी वडाळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मुंबईत राहूनही पुष्कळांना वडाळा म्हणजे हार्बरची गाडी फुटते ते स्टेशन, एवढंच माहीत असतं. कुर्ल्याहून निघालं की चुनाभट्टी, मग गुरु तेगबहादूर नगर, मग वडाळा रोड. इथून एक फाटा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जातो, दुसरा माहीमवरून वांद्र्याकडे. हा मार्ग जुना आहे. कुर्ला ते रे रोड गाडी १९१० च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली तीही इथूनच. दादा हे फार अभिमानाने सांगत, जणू ती गाडी त्यांनीच हाकली होती. त्या वेळी ते जन्मलेही नव्हते.

पूर्वी इथे वडाची झाडं पुष्कळ होती म्हणून वडाळा, असं म्हणतात. पूर्वेच्या बाजूला मिठागरं होती. अँटॉप हिलच्या टेकडीपाशी शेख मिस्रींचा दर्गा आहे. स्टेशनच्या पश्चिमेला कात्रक रोडवर विठ्ठलाचं मंदिर आहे, त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते मुंबईकर आषाढीला इथे येतात आणि रांग लांबवर जाते. २०१३ आणि २०१४ या दोन्ही साली आषाढी एकादशी रमजानात आली होती. एका रस्त्यावर उपवासाचे लोक, दुसऱ्यावर रोज्याचे. बेकरीवाल्याची मात्र त्या दिवशी थोडी पंचाईत झाली, कारण एकादशीला पाव कोण खाणार? भट्टी लवकर रिकामी झाली. दादी तिथून जात होती, तिला तो म्हणाला, आज पत्रे आणले असते तर लगेच लावून दिले असते. ईदला अजून बराच अवकाश होता. दादी घरी येऊन आठवडाभर हळहळत होती.

आता भट्टीचं सांगतो. पूर्वी घराघरात ओव्हन नव्हते. ईद जवळ आली की मोहल्ल्यातल्या बायका घरी पीठ मळायच्या, नानखटाईचे गोळे पत्र्यावर मांडायच्या आणि मुलांच्या डोक्यावर देऊन बेकरीत पाठवायच्या. बेकरीवाला पत्र्यामागे भाजणावळ घ्यायचा. मुंबईतल्या अनेक मुस्लिम घरांत हा रिवाज होता. वाचकांपैकी कित्येकांनी लहानपणी असे पत्रे वाहिले असतील आणि वाटेत एखादा कच्चा गोळा तोंडातही टाकला असेल. (रोजा नसेल तर, अर्थात.)

नानखटाई सुरतेची, असं सांगतात. तिथे डच लोकांची बेकरी होती, ती पुढे एका पारशी गृहस्थाकडे आली, आणि तिथल्या पावातून बिस्किटं व नानखटाई निघाली. नावातलं 'नान' तर फारसीच. मुंबईला ती गुजरातेतून आली आणि इथे पारशी, इराणी, बोहरी, मेमन, कोकणी सगळ्यांनी आपापल्या परीने ती बदलून घेतली. कुणी जायफळ घालतात, कुणी वेलची, कुणी वर चारोळी लावतात, कुणी पिस्ता. आमच्या दादीने दालचिनी घातली.

दालचिनीचं कारण साधं होतं. गावी घराच्या मागे दालचिनीचं झाड आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची दालचिनीची जात काढली आहे. ती नारळी-सुपारीच्या बागेत सावलीला चांगली येते. मोठ्या चाचांनी तिथून रोप आणून लावलं होतं. पावसाळ्यानंतर फांद्या तोडून साल काढतात, ती सुकताना आपोआप वळत जाते. बाजारात जी जाड, कडक, एकाच वळणाची साल मिळते ती बहुतेक वेळा दालचिनीची चुलत बहीण असते. खरी दालचिनी पातळ असते, बोटांत चुरते आणि तिची वास्तपुस्त तिखटापेक्षा गोडाकडे जास्त झुकते. दादीला दुकानातली चालत नसे. त्या सालीचा खोकल्याचा काढा करावा, नानखटाई करू नये, असं तिचं मत होतं.

पण पत्र्यावर दालचिनी दिसायची ती दुसऱ्याच कामासाठी. रमजानच्या शेवटच्या दिवसांत बेकरीत चाळीस-पन्नास घरांचे पत्रे यायचे. अदलाबदल व्हायची, भांडणं व्हायची. एकीचं साजूक तूप, दुसरीचं डालडा, आणि घरी गेल्यावर पहिल्या घासाला कळायचं. म्हणून दादी प्रत्येक गोळ्याच्या डोक्यावर दालचिनीची काडीएवढी ढलपी खोचायची. तशी खूण दुसऱ्या कुणाची नव्हती. बेकरीतली माणसं पत्र्याला 'दालचिनीवाली का पत्रा' म्हणायची आणि दादीलाही तेच नाव पडलं होतं.

दादी मरहूम होऊन सहा वर्षं झाली. तिचं माप तिच्याबरोबरच गेलं असतं, पण शेवटच्या दोन रमजानांत फुफी वजनकाटा घेऊन तिच्याशेजारी बसली. दादी आपल्या पितळी वाटीने पीठ घ्यायची आणि फुफी प्रत्येक वाटी काट्यावर ठेवून लिहायची. दादीला ते आवडत नसे. पण त्यामुळे आज आमच्याकडे हिशेब आहे : मैदा १ किलो, बारीक रवा पाव किलो, बेसन पाव किलो. तूप पाऊण किलो, पिठीसाखर पाऊण किलो. म्हणजे कोरडं पीठ दोन भाग, तूप एक, साखर एक. दालचिनीची ताजी पूड तीन लहान चमचे, खायचा सोडा दीड चमचा सपाट, चिमूटभर मीठ. एवढ्यात एकशेवीसच्या आसपास नानखटाया होतात. पाणी नाही, दूध नाही.

काट्यावर न बसणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे तुपाची. थिजलेलं तूप परातीत घेऊन तळहाताने फेसायचं. मग साखर घालून पुन्हा फेसायचं, पांढरंशुभ्र होईपर्यंत. झालं की नाही ते पाहायला पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून हात चालवायचा. तूप पातळ झालं असेल तर कितीही फेसा, तरंगत नाही. आणि तूप पातळ व्हायचं की नाही हे रमजान कोणत्या महिन्यात आला त्यावर. आपला महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दादीने तो फेरा जवळजवळ दोनदा पाहिला. थंडीत आला तर तूप उन्हात ठेवायचं. मे महिन्यात आला तर परात माठाच्या पाण्यात तरंगत ठेवायची. जुलैत आला तर साखर ओल धरते, म्हणून ती आदल्या रात्री दळायची नाही, त्याच दुपारी दळायची. हे सगळं फुफीने लिहून घेतलं नाही. तिला वाटलं, हे कुणाला माहीत नसतं?

वडाळ्याची भट्टी विटांची होती. आत माणूस वाकून शिरेल एवढं पोट आणि समोर लहानसं तोंड. आधी आत लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे बाजूला सारायचे, आणि मग त्या विटांच्या साठवलेल्या धगीवर पाव भाजायचे. पावाला कडक धग लागते. पावाचे घाणे निघाले की भट्टी उतरू लागते, मग बटर, टोस्ट आणि सर्वांत शेवटी नानखटाई. तिच्यात पिठाच्या निम्मं तूप असतं. धग जास्त झाली तर ती उभी राहायच्या आधीच वितळते. म्हणून आमच्या पत्र्यांची वेळ नेहमी असरनंतरची. लांब दांड्याच्या लाकडी फळीने पत्रे आत सरकवले जायचे आणि इफ्तारच्या आधी पाव तास बाहेर यायचे. समोर एकशेवीस गरम नानखटाया आणि अजान व्हायला पंधरा मिनिटं. सबर म्हणजे काय, ते आम्हाला लहानपणी त्या ओट्यावर समजलं.

या भट्टीचा एक भाग मात्र आम्ही लाडाने सांगणार नाही. आत जळायचं ते जंगलातलं लाकूड नव्हतं. पाडलेल्या चाळींची दारं, खिडक्या, मोडके पलंग, रंग लावलेल्या फळ्या, हाताला येईल ते. धूर काळा यायचा. भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या, आझमगढकडच्या चाचांना बारा महिने खोकला असे. वरच्या मजल्यावरची बाई दुपारी कधीच कपडे वाळत घालत नसे. मुंबईची हवा बिघडल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी सांगितलं की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यावं, तेव्हा आमच्या घरात अब्बांना वाईट वाटलं आणि धाकट्या भावाला, ज्याला दमा आहे, बरं वाटलं. दोघेही आपल्या जागी बरोबर होते.

त्या वर्षीचा सत्ताविसावा रोजा २८ मार्चला, जुमा-तुल-विदाच्या दिवशीच आला. लाकडावरची ती शेवटची भाजणी. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. वसाहत सोडून गेलेली माणसं नालासोपाऱ्याहून, तळोज्याहून आली होती. काहींनी भट्टीचे फोटो काढले. चाचा खोकत म्हणाले, इतकी वर्षं कुणी फोटो काढला नाही, आता काढताय.

मग यंदाचा रमजान आला आणि घरात वाद झाला. अम्मीचं म्हणणं : आता तिथेही यंत्रच आहे, मग आपल्या घरचा ओव्हन काय वाईट? उगाच रोज्यात पोरांना गाडीत चेंगरायचं. फुफीचं म्हणणं : घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी बारा बसतात, एकशेवीसला दहा घाणे, अर्धी रात्र जाईल. चाचा काहीच बोलले नाहीत, फक्त माळ्यावरून पत्रे काढून घासायला बसले. तिथे वाद संपला.

पीठ आम्ही मुंब्र्यालाच मळलं. तूप छान फेसलं, थेंब तरंगला. डबे बंद केले, झोहर पढून निघालो. मुंब्र्याला धीम्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली, कुर्ल्याला जिने चढून हार्बरच्या फलाटावर आलो. गाडीत एका काकूंनी डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "पुरणपोळीचं पुरण का?" त्यांना सगळं सांगेपर्यंत वडाळा आलं.

बेकरी आतून ओळखू येईना. विटांच्या भट्टीचं तोंड फळी ठोकून बंद केलेलं, तिच्यासमोर पिठाच्या गोण्या रचलेल्या. बाजूला स्टीलचं कपाटाएवढं यंत्र, आत पत्र्यांची गाडी गोल फिरते. धूर नाही. भिंतींना चुना लावलेला. चाचा तिथेच होते, खोकला बराच कमी. त्यांनी आमचे पत्रे हातात घेतले, गाडीच्या खाचेत लावून पाहिले आणि परत दिले. ते बसत नव्हते. दादीचे पत्रे लांबीला चार बोटं जास्त. ते तिने भायखळ्याच्या पत्रेवाल्याकडून भट्टीच्या तोंडाच्या मापाने करून घेतले होते.

फुफी काही वेळ ते पत्रे मांडीवर घेऊन बसली. मग उठून बेकरीच्या पत्र्यांवर गोळे मांडू लागली आणि आम्ही दालचिनीच्या ढलप्या खोचत गेलो.

पहिले दोन पत्रे बाहेर आले तेव्हा कुणी काही बोललं नाही. नानखटाया बसल्या होत्या, पसरून एकमेकींना चिकटलेल्या, कडा करपलेल्या आणि मध्ये ढलपी आडवी पडलेली. अम्मी काही म्हणाली नाही, हे तिचे उपकार. अब्बा मात्र म्हणाले, "यंत्र ते यंत्रच." आम्हा सगळ्यांना ते पटलं. मनातून जरा बरंच वाटलं म्हणा ना, दोष द्यायला काहीतरी सापडलं होतं.

चाचांनी यंत्राकडे पाहिलंच नाही. त्यांनी डब्यात हात घातला, पीठ चिमटीत धरलं आणि फुफीकडे बघून विचारलं, हे कुठं मळलंत? मुंब्र्याला, ती म्हणाली. किती वेळ झाला? अडीच तास. चाचांनी चिमटीतलं पीठ तिच्या तळहातावर ठेवलं. ते गरम होतं. मार्चच्या दुपारी, बंद ॲल्युमिनियमच्या डब्यात, गर्दीच्या गाडीत अडीच तास. फेसलेलं तूप आतल्या आत पातळ झालं होतं. दादी पीठ मळायची ती इथून दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि डोक्यावरच्या पत्र्यांवर ओलं फडकं असायचं. ते फडकं धुळीसाठी असतं असं आम्हाला वाटत आलं होतं.

बेकरीत इफ्तारच्या सरबतासाठी बर्फाची लादी आणून गोणपाटात ठेवली होती. चाचांनी लादी उघडली, तिच्यावर परात ठेवली आणि सगळं पीठ परातीत काढलं. अर्धा तास थांबा, म्हणाले. मधे दुसऱ्या घरांचे पत्रे लागले. त्यात आमच्या जुन्या शेजारणीचे पत्रे होते, चारोळीवाली. तिने दादीची चौकशी केली. तिला ठाऊक नव्हतं. मग ती आणि अम्मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिल्या. रस्त्याच्या पलीकडे मुलं मोनोरेल दिसते का बघत होती. ती २०१४ मध्ये इथून चेंबूरकडे धावू लागली तेव्हा दादीला दाखवायला आणलं होतं. दादीने वर बघून विचारलं होतं, यातून पत्रे नेऊ देतात का?

पीठ घट्ट झालं. फुफीने पुन्हा गोळे वळले. या वेळी चाचांनी यंत्राचा आकडा २०० वरून १६० वर आणला आणि पावाची गाडी काढल्यावर दार थोडा वेळ उघडं ठेवलं. भट्टी उतरवायची सवय त्यांच्या हातातून गेली नव्हती. अठरा मिनिटांनी पत्रे बाहेर आले. गोल, उभ्या, वरून तडकलेल्या, ढलपी सरळ. बुडाला तांबूस, वर फिकट. अजानला अजून दहा मिनिटं होती.

इफ्तार ओट्यावरच झाली. खजूर, पाणी, चाचांनी पुढे केलेलं सरबत, आणि मग एकेक नानखटाई. अब्बांनी खाल्ली आणि म्हणाले, बरोबर आहे, पण लाकडाचा वास नाही. फुफी म्हणाली, लाकडाचा वास नानखटाईला कधी नव्हताच, तो भट्टीजवळ बसल्यामुळे आपल्या कपड्यांना असायचा. यावर अजून एकमत झालेलं नाही. मुलांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि चौथी नानखटाई उचलली.

पसरलेल्या चाळीसेक नानखटायाही आम्ही टाकल्या नाहीत. त्यांचा चुरा करून ईदच्या दिवशी शिरखुर्म्यावर घातला, तर पाहुण्यांनी तेच आधी मागितलं. पुढच्या वर्षी काय करायचं तेही ठरलं आहे. पीठ, तूप, साखर वेगवेगळं न्यायचं आणि चारोळीवालीच्या घरी मळायचं. ती अजून वडाळ्यातच राहते, आणि तिने तसा हुकूमच केला आहे. तिची परात मोठी आहे.

दादीचे पत्रे परत मुंब्र्याला आले. गावाहून या हंगामाची दालचिनी आली होती, थोडी ओलसर होती. गॅलरीत त्या पत्र्यांवर पसरून ठेवली आहे.